आवाजमावशीची माफी

“चारच वाक्यं आहेत, मावशी. अडखळू नका. जमलं तर थोडं रडा,” कार्यकर्त्याने स्टेजच्या मागे पुन्हा बजावलं.

तिला चारही पाठ होती. त्या दिवशी मी घाबरले. धोक्याची सूचना द्यायला माझं तोंडच उघडलं नाही. साहेबांनी मोठ्या मनाने मला माफ केलं. आपलं शहर त्यांच्याच हाती सुरक्षित आहे. एवढं बोलून खाली उतरायचं, की गेलेली नोकरी परत.

सारं शहर तिला आवाजमावशी म्हणायचं. लढाई सुरू झाल्यापासून रॉकेट निघाल्याची खबर आली, की खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज घुमायचा आणि माणसं तळघरं गाठायची. सख्ख्या आईला न जुमानणारी कार्टीही तिचं ऐकायची. बाजारावर रॉकेट पडलं त्या दिवशी मात्र कर्णे मुके राहिले. तिची धाकटी बहीण तेव्हा बाजारात होती. ती घरी आलीच नाही.

आवाजमावशी कळवळून सांगत होती, की मी बोलले, चांगली तीनदा बोलले. पण सूचनेची खोली चहूबाजूंनी बंद, दाराला जाड अस्तर, कानांवर हेडफोन. आत बोलणाऱ्या माणसाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि तो शहरभर गेला असं तो धरून चालतो. तिनेही तसंच धरलं होतं. काम नीट झालं म्हणून ती निवांत बाहेर आली, तर खिडकीत धूर. पुढे चौकशी झाली, म्हणजे साहेबांच्याच माणसांनी केली. बाई घाबरली, बोललीच नाही, असं ठरून गेलं. जो तो तेच म्हणू लागल्यावर तिलाही शंका खाऊ लागली. बटण दाबलं होतं ना आपण?

नोकरीचं तिने मनावर घेतलं नसतं. धाकटीच्या नवऱ्याने दार लावून घेतलं, तिथे ती खचली. भाची तिच्या मांडीवर वाढलेली. चारचौघांत चूक कबूल करा, मग पोरीला भेटा, एवढाच त्याचा निरोप होता. आज तो समोर पहिल्या रांगेत बसला होता. बाजारात ज्यांची माणसं गेली, त्यांना साहेबांनी गादीच्या खुर्च्या दिल्या होत्या. फोटोत दुःख नीट दिसलं पाहिजे, ही काळजी साहेब जातीने घेत. बाकीच्या काळजीला त्यांना वेळ मिळत नसे.

स्टेजच्या पायऱ्यांपाशी लाउडस्पीकरवाला एका लोखंडी पेटीला तारा जोडत होता. ती बघतेय म्हटल्यावर तो खूश झाला. गडी बोलका होता.

“ओळखलं नाही का, मावशी? तुमच्याच ऑफिसच्या तळघरातलं यंत्र आहे. असा दणका दुसऱ्या कशाला नाही. साहेबांची सभा असली की काढून आणतो, संपली की नेऊन जोडतो.”

मागच्या सभेलाही हेच होतं का, असं तिने विचारलं. होतं की, तो म्हणाला, भाषण ऐन रंगात आलं आणि तिकडे बाजारात धडाका झाला. सगळी पळापळ. मग त्याच गडबडीत पेटी गुपचूप परत नेऊन ठेवली. एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला उमगलं आणि त्याने तारांत डोकं खुपसलं.

या पेटीशिवाय तिचा आवाज त्या खोलीबाहेर पडूच शकत नव्हता. तिला आधी हायसं वाटलं. बोललो होतो आपण. बहिणीच्या मरणात आपल्याला हायसं वाटावं, याची लगेच लाजही वाटली. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. चार वाक्यं म्हटली की भाची मिळत होती. नाही म्हटली तर कदाचित कधीच नाही. तेवढ्यात वर तिच्या नावाचा पुकारा झाला.

माइकसमोर ती उभी राहिली. धाकटीच्या नवऱ्याने मान वर केली नाही.

“त्या दिवशी मी तीनदा सूचना दिली,” ती म्हणाली. आवाज अगदी तोच, रोजचा, न कापणारा. “माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचवणारं यंत्र तेव्हा साहेबांच्या सभेत होतं. आजही ते इथेच आहे, या पायऱ्यांपाशी. आत्ता रॉकेट निघालं तर शहरात कुणाला कळणार नाही.”

कार्यकर्त्याने धावत येऊन माइकची तार उपटली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मैदानातली बरीच माणसं आभाळाकडे बघू लागली. साहेब मात्र हसतच होते, कारण कॅमेरे चालू होते.

ती पायऱ्या उतरली आणि पेटीच्या तारा सोडवू लागली. लाउडस्पीकरवाल्याने तिला अडवलं नाही. नोकरीवर पाणी सोडा आता, असं कार्यकर्ता तिच्या कानाशी ओरडला, आणि साहेबांचं भाषण अजून व्हायचंय म्हणाला.

“मग साहेबांना म्हणावं, घसा ताणून बोला,” ती म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी पेटी ओढून पाहिली. पेटी तसूभरही हलेना. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मागे सरकली. धाकटीचा नवरा आला, वाकला आणि त्याने पेटीची एक कडी धरली. इतक्या दिवसांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

“ताई, ती बाजू धरा,” तो म्हणाला. “लवकर. पोरगी घरी एकटी आहे.”