जाळीपलीकडची

“नवा पास काढशीन ना, तं माह्या जाग्यावर त्या जाळीपलीकडचीले लिवजो.”

खाटेवरून गयाबाई सुनेला एवढंच म्हणाल्या होत्या. शेवंतानं सासूच्या हातावर हात ठेवला आणि “हो आत्याबाई,” म्हटलं. त्यानंतर गयाबाई फारसं बोलल्याच नाहीत.

आता चैत्र लागला होता आणि शेवंता बागेच्या पासाच्या खिडकीशी उभी होती. छत्तीसगडातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतली ही बाग; मराठी मुलखातून आलेले कामगार इथं बरेच. झुले, होडी, लोखंडी आकाशपाळणा. कामगाराच्या कुटुंबाला वर्षभराचा पास मिळे, आणि दर चैत्रात तो नवा करून घ्यावा लागे. रांग लांब होती. मागची एक बाई म्हणाली, “देवाच्या दारी पास नाही लागत, अन् झुल्यावर बसाले लागते! लय मोठा देव हाय बाप्पा हा झुला!” रांग हसली. शेवंताही हसली, तोंडाला पदर लावून.

खिडकीत कारकून कृष्णराव होते. त्यांनी जुना पास उलटून त्यावरची नावं वाचली.

“जानराव, तुम्ही, अन् सासूबाई. सासूबाई तं गेल्या ना माघात?”

“हो.”

“मंग खोडतो.”

“त्या जाग्यावर दुसरं नाव लिवा.”

“सांगा.”

शेवंता थांबली. नाव तिला ठाऊकच नव्हतं.

गयाबाईंनी ते कधी घेतलंच नव्हतं. दिवस कलला की त्या बागेत येत आणि झुल्यांकडे पाठ करून तारेच्या जाळीला लागून बसत. जाळीच्या बाहेर एक रेजा, म्हणजे मजूर बाई, बसे. बागेतलं तळं खोदलं तेव्हा तिनं डोक्यावरून माती वाहिली होती. काम सरलं, ठेकेदार गेला. तळ्याला पाणी आलं, होडी आली, आणि ती जाळीबाहेर राहिली. दोघी जाळीतूनच एकमेकींना भाकर द्यायच्या, तोंडी लावायला मिरची द्यायच्या. पण घरी आल्यावर गयाबाई तिला ‘जाळीपलीकडची’ एवढंच म्हणत. शेवंताला ते खुपायचं. माती वाहणाऱ्या बाईला नावसुद्धा असू नये का? सासूबाईंचा गावचा तोरा अजून उतरला नाही, असं तिला वाटे. बोलली मात्र कधी नाही.

मागच्या श्रावणात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, गयाबाई कानामागं कोवळी पिवळी रोपं खोचून घरी आल्या होत्या. “काय वं माय,” शेवंताचा नवरा जानराव म्हणाला होता, “वावर सुटलं म्हणून कानात गहू पेरून राहिली का आता?” गयाबाई नुसत्या हसल्या होत्या. रोपं मात्र त्यांनी झोपेपर्यंत काढली नाहीत.

शेवंतानं फाटकावरच्या केवलरामला हाक मारली. तो इथलाच, छत्तीसगडचा.

“भाऊ, ते जाळीपाशी बसते, तिचं नाव काय हाय?”

“बिसाहिन.”

“घ्या!” कृष्णराव म्हणाले. “घरच्या माणसाचं नाव रखवालदाराले विचारून राहिल्या! बाई, कुटुंबातलंच माणूस चालते इथं. कोण लागते तुमची?”

मावशी म्हटलं असतं तर भागलं असतं. तपासायला कोण येणार होतं? पण सकाळी तुळशीला पाणी घातलं की दिवसभर खोटं बोलायचं नाही, हा शेवंताचा नेम होता. एकादशीला पोट उपाशी राहतं. या नेमात जिभेला राहावं लागे. सासूला दिलेला शब्द एकीकडे आणि देवाला दिलेला दुसरीकडे. तिचे डोळे भरून आले.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

कृष्णरावांनी पेनाला टोपण लावलं. वाईट त्यांनाही वाटलं असावं. “मी तरी काय करू, ताई?” ते हळूच म्हणाले.

“कोनो नइ कइसे?” केवलराम फाटक सोडून पुढे आला. “दोनों भोजली बदे रहिन, बाई. मेरे सामने. इसी जाली में से.”

शेवंताला उमगलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. भोजली म्हणजे श्रावणात टोपलीत उगवलेली गव्हाची रोपं. इकडच्या बायका ती एकमेकींच्या कानामागं खोचतात, आणि त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या ‘भोजली’, जन्माच्या बहिणी होतात. एकीचा लेक तो दुसरीचा लेक, एकीची सून ती दुसरीची सून.

“और भोजली का नाम नहीं लेते,” केवलराम म्हणाला. “कभी नहीं. पाप लगता है.”

शेवंतानं खिडकीची कड घट्ट धरली.

“सासू लागते माह्यी,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा लहानच होता, पण रांगेत शेवटपर्यंत ऐकू गेला.

कृष्णरावांनी एकदा केवलरामकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं.

पास हातात आला तरी शेवंता तिथून हलेना.

“अजून येते का ते, भाऊ?”

“रोज.” केवलराम जमिनीकडे बघू लागला. “पूछती है, कब आएगी. मैंने कह दिया, गाँव गई है. मुझसे बोला नहीं गया, बाई.”

तेराव्याला गावोगावचे सोयरे आले होते. नात्यातलं कोणी सांगायचं राहू नये म्हणून जानराव स्वतः फिरला होता.

शेवंतानं पास कमरेच्या पिशवीत खोल सारला. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बागेत न शिरता ती जाळीच्या बाहेरच्या अंगानं चालू लागली.

पास मागाहून देता आला असता. आधी बहिणीला सांगायचं होतं, बहीण गेली म्हणून.