पुढचा दगड

नॅडीनने फुलं पत्र्याला टेकवून ठेवली आणि ती उठून उभी राहिली. पत्रा म्हणजे अंत्यविधीवाल्यांनी कबरीवर रोवलेला हातभर उंचीचा पत्र्याचा खुंट. वर काचेखाली वडिलांच्या नावाचं कार्ड, एमिल हुदाक. दगड येईपर्यंत तात्पुरता म्हणून लावलेला. काचेत पाणी शिरून कार्ड पिवळं पडलं होतं.

डॅरेल ओल्या गवतावर गुडघे टेकून फोटो काढत होता. पुस्तकाचं शेवटचं पान त्याला इथूनच उचलायचं होतं. हा उतार, खाली नदी, पलीकडे बंद पडलेला पोलादाचा कारखाना. कॉमिक नॅडीनच्या वडिलांवरचं होतं, बसडेपोत जन्मभर इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. लिहिणारी ती, चित्रं काढणारा तो. प्रकाशकांनी नको म्हटल्यावर दोघांनी इंटरनेटवर वर्गणी मांडली होती, आणि तिची मुदत आज दुपारी संपत होती. ठरलेला आकडा गाठला नाही, तर जमलेलंही ज्याचं त्याला परत जाणार होतं. अठराशे डॉलर कमी होते.

"मिस्टर हुदाक असते तर म्हणाले असते, एवढ्या पैशांत मी अख्खं इंजिन बसवून दिलं असतं," डॅरेल म्हणाला.

नॅडीन हसली नाही. मग त्याने कुत्र्यांच्या गाद्यांची चौकशी केली. एका दुकानाच्या वेबसाइटसाठी त्या गाद्यांची वर्णनं तिला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायची होती. तिचं भाडं त्यावरच निघत होतं. निम्मीसुद्धा झाली नव्हती. कुत्र्यांना वाचता येत असतं तर तू आज लखपती असतीस, असं तो म्हणाला. यावर मात्र ती थोडी हसली.

शेवटच्या पानावरच्या चित्रातल्या दगडांवर वर्गणीदारांची नावं घालायची, ही युक्ती डॅरेलची. बाकी वर्गणी थंड होती, पण दगड आठवड्यात संपले. एका बाईंनी नवऱ्याच्या वाढदिवसाला त्याचा दगड घेतला. लोकांनी शेजारी कोण आलंय ते विचारून घेतलं, एकमेकांची थट्टा केली. डॅरेलने उतारावर आणखी दगड रेखाटले, तेही गेले. उरला होता फक्त सगळ्यांत पुढचा, मोठा. त्यावर एमिल हुदाक हे नाव यायचं होतं. खरा दगड नव्हता, म्हणूनच नॅडीनने तो पुस्तकात लिहिला होता.

तिचा फोन वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन डॅरेलकडे दिला.

निरोप टक्सन शहरातल्या हॅल नावाच्या एका दंतवैद्याचा होता. नमुन्याची पानं वाचून आपल्याला रडू आलं, असं त्याने लिहिलं होतं. कमी पडलेले सगळे पैसे तो एकटा भरायला तयार होता. त्याला पुढचा दगड हवा होता. बायको म्हणते, आयुष्यात एकदा तरी तू कुठेतरी पुढे असशील, असंही त्याने खाली लिहिलं होतं.

डॅरेलने फोन परत दिला. नाही म्हणून टाक, तो म्हणाला, मी अजून काही जणांना विचारतो. कोणाला, असं नॅडीनने विचारलं. आयरीन आत्याने दोनदा दिले होते. डॅरेलच्या जिन्याखालच्या न्हाव्यानेसुद्धा दिले होते.

"तेवढ्या पैशांत खरा दगड येईल, नॅड. त्याला सांग, तोच माझ्या वडिलांना घेऊन दे म्हणावं."

"दगडासाठी कोणी देत नाही. पुस्तकासाठी देतात."

तिने उभ्याउभ्याच उत्तर टाइप केलं. दोघं थांबून राहिले. नदीवरून एक मालवाहू बोट कोळसा घेऊन गेली. मग पडद्यावरचा वर्गणीचा आकडा पुरा होऊन हिरवा झाला, आणि डॅरेलने डोक्यावरची टोपी काढली. काढल्यावर तिचं काय करावं ते त्याला सुचेना.

"मग तुझे वडील?"

"मागे. आहेत तिथेच. पत्राच दाखव."

फोन पुन्हा वाजला. हॅलने आभार मानले होते. दगडापुढे थोडी फुलं दाखवता येतील का, असं त्याने विचारलं होतं. ताजी असली तर बरं. नॅडीनने लिहिलं, नक्की.

पुढच्या रांगेत कोणा मिसेस कोवॅचचा उंच काळा दगड होता. चित्रातल्या पुढच्या दगडासाठी तोच नमुना घ्यायचा, असं आधीच ठरलं होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं. उतारावर इकडेतिकडे प्लॅस्टिकची फुलं होती, हिवाळ्याने पांढरी पडलेली.

फुलं मी मनाने काढतो, डॅरेल घाईघाईने म्हणाला.

"तुझी फुलं कोबीसारखी दिसतात."

ती वाकली. पत्र्याला टेकवलेली फुलं तिने उचलली, पुढच्या रांगेत जाऊन मिसेस कोवॅचच्या दगडापुढे ठेवली, कागद काढून नीट पसरली आणि बाजूला झाली.

डॅरेलने पुन्हा गुडघे टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो मात्र काढला नाही.

"थोडी डावीकडे घे," तो म्हणाला. "फुलांमागे तुझे वडील झाकले जाताहेत."