चार, एक, तीन, दोन

पुढची नंबरप्लेट आली होती, मागची गोदामात सापडत नव्हती. काउंटरवरच्या माणसाने हे इतक्या थंडपणे सांगितले, की शिवानंदच्या डोक्यात तिडीक गेली. मोटरसायकलच्या या दोन पत्र्यांपायी त्याचे हेलपाटे संपेनात. आधी मोबाइलवर अर्ज भरताना चासी नंबर जुळेना, मग ओटीपी यायचा तो मुदत टळून गेल्यावर, आणि एवढे करून मिळालेली तारीख सेंटरवाल्यांनीच पुढे ढकलली. सरकारला म्हणे सगळ्या गाड्यांवर एकसारखे आकडे हवेत. हवेत तर देऊन टाका की एकदाचे, असे त्याला टेबलावर हात आपटून म्हणावेसे वाटत होते.

पण खरा राग प्लेटचा नव्हताच. सकाळी आईला मागे बसवून तो वळसंगहून निघाला, तो आधी पोलिसांकडे गेला होता. पाडव्याच्या सुमारास अक्कलकोट रस्त्याच्या कडेने चालताना त्याच्या वडिलांना, रेवणप्पांना, एका टेम्पोने उडवले. ते जागीच गेले. टेम्पो क्षणभर थांबला आणि सुसाट पळाला, पण तेवढ्यात बरोबर असलेल्या आईने, सावित्रम्माने, त्याच्या मागचे आकडे वाचले होते. पिवळी प्लेट, म्हणजे भाड्याची गाडी. नंबर चार, एक, तीन, दोन. आकड्यांच्या आधीची इंग्रजी अक्षरे तिला येत नव्हती. आकडे मात्र तिने साक्षरता वर्गात घोटून घोटून गिरवलेले होते.

पोलिसांनी त्या आकड्यांच्या पिवळ्या प्लेटवाल्या गाड्या हुडकल्या. एक भंगारात निघालेली, एक त्या दिवशी कोल्हापुरात माल उतरवत होती, बाकीच्या रिक्षा. आज साहेबांनी खुर्ची देऊन, पाणी पाजून समजावले, की आजींची काहीतरी गफलत होतेय, अशा धक्क्यात माणसाला नीट दिसत नाही. दुसरा काही धागा मिळाला नाही, तर तपास बंद करावा लागेल.

बाहेर आल्यावर शिवानंदचा तोल सुटला. भर रस्त्यात तो आईवर खेकसला, “किती येळा त्येच त्येच सांगतीस, अव्वा? चुकलं असंल, एवडं तरी म्हण की.” ती पदर सावरून गाडीवर बसली. सेंटरवर आल्यापासून ती कोपऱ्यातल्या स्टुलावर तशीच गप्प होती, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही त्याला राग येत होता.

शेवटी मागची प्लेट सापडली. पिवळ्या प्लेटांच्या गठ्ठ्यात ही एकटी पांढरी जाऊन बसली होती. प्लेटा बसवणारा बिलाल पान्हा घेऊन खाली वाकला. जुन्या प्लेटवर गावच्या पेंटरकडून शिवानंदने हौसेने मराठीत आकडे काढून घेतले होते. ‘ये अब नहीं चलता भाऊ,’ म्हणत बिलालने ती उचकटून बाजूला ठेवली आणि नवी प्लेट लॉक मारून पक्की केली. आता ती तोडल्याशिवाय निघणार नव्हती.

सावित्रम्मा उठून आली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि प्लेटकडे बघत राहिली.

“शिवा, ह्यांनी दुसऱ्याची पाटी बसवली की.”

बिलाल हसला. शिवानंदला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. सकाळी तिथे आणि आता इथे. गप्प बस म्हणून त्याने तिला दटावले, पण ती हटली नाही. तिने एकेका आकड्यावर बोट टेकवले.

“आपला नंबर दोन, आट, शून्य, नऊ. आन ह्यो बग. दोन, चार, शून्य, एक.”

तो ओरडायला तोंड उघडणार, तोच त्याची नजर तिच्या बोटावर गेली. बोट 2809 मधल्या शेवटच्या आकड्यावर होते. इंग्रजी नऊ. तिच्या डोळ्यांनी पाहिले तर तो मराठी एक होता, दुसरे काहीच नव्हते. आणि आठ म्हणजे नुसता वरून बंद केलेला चार.

तिने जन्मात कधी फोन लावला नव्हता, सूनच लावून हातात देई. नोटा ती रंगावरून ओळखायची. एस.टी.च्या पाटीवर मराठी आकडे असत, घरातल्या कॅलेंडरवरही मराठीच. इंग्रजी आकड्यांशी तिचा संबंध यायचाच कुठे? तो स्वतः दिवसभर दोन्ही आकडे वाचायचा, एकातून दुसऱ्यात कधी गेलो हे त्याला कळतही नसे. एवढे महिने ती एकच नंबर सांगत होती आणि तिला तो दिसला कसा, हे त्याने एकदाही विचारले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

म्हणजे तो टेम्पो 4132 नव्हताच मुळी. तो 8932 असला तर? बिलाल पावतीवर सही मागत होता, पण शिवानंद आईच्या पायाशी उकिडवा बसला. आवाज जमेल तेवढा हळू ठेवून त्याने विचारले,

“अव्वा, त्या टेम्पोवरल्या चाराचं तोंड वरनं उगडं हुतं का मिटलेलं?”

“मिटलेलं,” सावित्रम्मा म्हणाली. “मला वाटलं, पेंटरनं घाईत काडलाय.”