ताउवूची लूट

मिलिआकेरेने सगळ्यात आधी काठी उचलली.

आपिसाईंना माती देऊन लोक नुकतेच परतले होते. त्यांची मुलगी केलेरा पायरीवर बसून पाहुण्यांनी आणलेल्या चटया रचत होती. म्हातारी मिलिआकेरे तिला ओलांडून सरळ आतल्या खोलीत गेली आणि आपिसाईंची काठी टेकत बाहेर आली.

"ही माझी," ती म्हणाली. "शाळेत रोज माझ्या डब्यातला नीरफणस खायचा हा. आज वसूल करते."

लाकडी परातीभोवती यांगोनाच्या मुळांचा काढा पीत बसलेले पुरुष खदखदून हसले.

मिलिआकेरे समोरच्या बेटावरची. दोन्ही बेटांचा मूळपुरुष एकच, म्हणून दोन्हीकडची माणसं एकमेकांची ताउवू. ताउवूने कितीही छळलं तरी रागवायचं नसतं. त्याने ज्या वस्तूला हात लावला ती त्याची. मयताच्या घरी तर हा हक्क जास्तच. त्यात ही आपिसाईंच्या वर्गातली. म्हातारपणीही दोघं भेटली की गाव हातातली कामं टाकून त्यांची थट्टा ऐकायला जमायचं.

केलेराला हे सगळं ठाऊक होतं. पण आज तिला ते नको होतं. रविवारी चर्चमध्ये तिला वडिलांबद्दल चार शब्द बोलायचे होते आणि तिच्याकडे एकही नव्हता. दोन वर्षं तिने त्यांना भरवलं होतं, पुसलं होतं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं होतं. आता डोळे मिटले की तेवढंच दिसायचं. उशीवरचं डोकं, उघडं तोंड. त्याच्या आधीचा माणूस तिला सापडतच नव्हता. पाद्रीबाबांनी सकाळी विचारलं, "काय बोलणार, ठरलं?" ती पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेली होती.

म्हातारी पुन्हा आत गेली. या खेपेला औषधांचा डबा, थुंकीचं भांडं आणि बिछान्यावरचं मेणकापड घेऊन आली. तिच्याबरोबर आलेल्या बायका तोंडाला पावडर फासून दारात उभ्याच होत्या. भांडं एकीने डोक्यावर घातलं. दुसरीने मेणकापड खांद्यावर घेऊन पाद्रीबाबांसारखे हात उंचावले. खुद्द पाद्रीबाबांना ठसका लागला.

मग मिलिआकेरेने ती खुर्ची बाहेर आणली.

प्लास्टिकची साधी खुर्ची. मधलं भोक केलेराने स्वतः पाडलं होतं, स्वयंपाकघरातली सुरी तापवून. खाली बादली ठेवायची. आजवर घराबाहेरच्या कुणी ती पाहिली नव्हती.

"आत्या, ती नको," केलेरा हळूच म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत की! तुझा बाप वर्गात कधी एका जागी टेकला नाही. मास्तर थकले. शेवटी बसला तो यावर! हे सिंहासन मी इथे सोडून जाईन होय?"

"रेडिओ न्या. नवा आहे. नाहीतर जाळं न्या त्यांचं."

"त्याचं जाळं? त्यात मासे येत नाहीत गं, नुसते खेकडे येतात आणि हसून जातात. आणि रेडिओ अगदी मालकासारखा. अर्धा वेळ बडबड, अर्धा वेळ खरखर."

तिने खुर्ची डोक्यावर पालथी घातली आणि अंगणभर मिरवली. भोकातून पांढरे केस वर आले होते. केलेरा खाली बघत चटया रचत राहिली.

"शाळेत तपासनीस यायच्या दिवशी," म्हातारी आता पुरुषांना सांगत होती, "हा नीरफणसावर चढला आणि उतरता येईना. आम्ही पोरींनी खाली चटई ताणून धरली. एवढी थोरली चटई! म्हटलं, मार उडी. आणि पडला कुठे? मास्तरांच्या टोमॅटोच्या वाफ्यात!"

"मग?" कुणीतरी विचारलं. गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

"मग काय. उठला, अंगावरचा टोमॅटो पुसला आणि आम्हालाच म्हणतो, तुमची चटई चुकीच्या जागी होती."

अंगण हसलं. जाता जाता म्हातारीने बिछान्यावरची उशीही काखेत मारली.

भरती ओसरायच्या आत त्यांची होडी निघाली. होडीत मधोमध खुर्ची, खुर्चीवर मिलिआकेरे, किनाऱ्याकडे पाठ. तिचे खांदे हलत होते. गावाला वाटलं, अजून हसतेय.

केलेरा खोली आवरायला गेली. सगळं अस्ताव्यस्त असेल, काय काय नेलं ते बघावं लागेल, असं मनाशी म्हणत तिने दार ढकललं.

रेडिओ जागेवर होता. जाळं खुंटीला होतं. चर्चला जायचा कोट, व्हॉलीबॉलची शिट्टी, कडा कुरतडलेली टोपी, सगळं होतं तिथेच होतं. नव्हती ती काठी. नव्हता औषधांचा डबा, भांडं, मेणकापड, खुर्ची, उशी. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता आणि खोलीला वाऱ्याचाच वास होता. या खोलीत कुणी कधी आजारी होतं, हे नवख्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

ती भिंतीला टेकून बसली. भीत भीत डोळे मिटले.

बाबा दारातून आत आले. चालत. गुडघ्यापर्यंत भिजलेले, खांद्यावर रिकामं जाळं.

"आज मासेच चुकीच्या जागी होते," ते म्हणाले.