कानाला लावलेला पेचकस

बावीस वर्षं सिंदेवाहीच्या या राईस मिलमध्ये मी दर सोमवारी लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि पुढे काय बिघडणार ते आधीच ऐकून ठेवतो. माझ्या हाताखाली मिल एकदाही बंद पडली नाही. मी मात्र पार थकलोय.

आज मेन स्विच पाडलेला होता, तरी सवयीनं कान लावला. मशीनच्या आत, छातीत धडधडतं तसं धडधडत होतं, एका लयीत.

"मुखरूभाऊ, बंद मशीनले काऊन आयकून राह्यले?" ऑपरेटर धनराज हसला.

मी टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि मान वाकवली.

कोरडी घरघर. हा आवाज मी ओळखतो. असं बेअरिंग पुढचा सोमवार बघत नाही.