एकट्यानं यायचं

रोडपालीहून नवीन पनवेलच्या विशेष शाळेत एकट्यानं बसनं यायला नीलिमा टीचरनी कुंदनला वर्षभर शिकवलं. पुढे नोकरीला हेच उपयोगी पडेल, असं त्या त्याच्या आईला सांगायच्या. "त्याला शिकायला वेळ लागतो, पण शिकलेलं तो विसरत नाही."

मार्चमध्ये कुंदनला अठरा पूर्ण झाली. शाळा अठरापर्यंतच होती. निरोपाला त्याला मनगटी घड्याळ दिलं. पुढे कॉलेज नव्हतं, आणि काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तो युनिफॉर्म घालून फाटकाशी उभा होता. दुसऱ्या दिवशीही. आत घ्यायचं का, असं शिपायानं विचारलं, तेव्हा टीचरनी त्याच्या आईला फोन लावला.

"त्याला पाठवू नका. त्याची शाळा संपली आता."

"मी नाय पाठवत, टीचर. मी सकाळीच कामाला जाते. तो आपला आपण निघतो."

"मग समजावून सांगा त्याला."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालूच होता.

"यायचं तुमीच शिकवलं," आई म्हणाली. "आता नाय यायचं, ते पण तुमीच शिकवा. वर्ष लागलं तरी चालेल."