जखमी शिपाई

"बाबांशी बोललीस का?" दादाने विचारलं. "रोज खेळतायत की! ठणठणीत आहेत," मी म्हणाले. बाबा दुसऱ्या शहरात एकटे राहतात. ते आणि मी संगणकावर लढाईचा खेळ खेळतो; एक चाल त्यांची, एक माझी. तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं. त्यांनी जखमी शिपाई किल्ल्याबाहेर एकटाच सोडला होता. बाबा हरतील, पण जखमीला आधी आत घेतील. "त्याचीही आई वाट बघत असेल, बाळा!" हे त्यांचं ठरलेलं. मग आठवलं. ते खेळायला विसरायचे, म्हणून मीच खेळाचा नियम बदलला होता: दिवसभरात त्यांची चाल आली नाही, तर त्यांच्या वतीने संगणकाने खेळावं. मी सांगताच दादाने बाबांना फोन लावला. मी नियम पुसला, माझी चाल खेळले. पडद्यावर उमटलं: "बाबांच्या चालीची प्रतीक्षा." फोन नुसता वाजत राहिला.